आधी सावली मोजा

परसबाग करावयाची म्हटले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी बियाण्याच्या दुकानात जातात. मीही तेच केले होते. आमचे घर मावळात, टाकवे बुद्रुकला. मे महिन्याच्या सुट्टीत घरामागे, उत्तरेच्या भिंतीलगत मी वाफे खणले. भर दुपारी तेथे लख्ख ऊन होते. मावळच्या पावसात कोवळी रोपे कुजतात, म्हणून थांबलो आणि दसऱ्याला वांगी-टोमॅटो लावले. रोपे नुसती उंच, किडकिडीत वाढली. डिसेंबर संपला तरी फुलाचा पत्ता नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या हाताला गुण नाही बघा." मी पदार्थविज्ञान शिकवतो, तरी ते मला पटले, याची आज लाज वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, चूक हाताची नव्हती, जागेची होती. आमचे गाव सुमारे १८.८ उत्तर अक्षांशावर आहे. १५ मेच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणून मे महिन्यात घरामागेही ऊन पडते. पण २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो. पूर्व-पश्चिम भिंतीच्या उत्तरेला अगदी चिकटून असलेल्या वाफ्याला हे सहा महिने सरळ ऊन मिळतच नाही. २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो. तेव्हा १ मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. म्हणजे ४ मीटर उंच भिंतीची ३.६ मीटर. माझे वाफे भिंतीपासून २ मीटरच्या आत होते!

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) हे गणिताचे शिक्षक. 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी शेतकऱ्यांना आपापल्या रानात मोजमाप करावयास लावले. शेती म्हणजे पानांकरवी सूर्यप्रकाश गोळा करणे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. खत आणि पाणी कितीही दिले तरी उन्हाची उणीव त्याने भरून निघत नाही.

अलीकडे शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने अनेक शाळांतून परसबागा होत आहेत. उपक्रम चांगला आहे. परंतु शाळा उघडते जूनमध्ये, आणि जी जागा रिकामी असेल ती मुलांच्या हवाली केली जाते. यावर माझा आक्षेप आहे. जागा निवडतात मोठी माणसे, पीक आले नाही की विचारतात, "पाणी घातले नाहीस ना?" मग मूल अधिकच पाणी घालते, मुळे कुजतात, आणि 'मला हे जमत नाही' अशी त्याची समजूत होऊन बसते. मुलांच्या हाती खुरपे देण्याआधी काठी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिसेंबरपर्यंत थांबावयाचीही गरज नाही. भिंतीची उंची मोजा, वरचे प्रमाण वापरा आणि हिवाळ्यातल्या सावलीची हद्द जमिनीवर फक्कीने आखा. समरूप त्रिकोण शिकलेल्याला हे सहज येईल. मग निवडलेल्या जागी दर तासाला ऊन आहे की नाही ते वहीत टिपा. वांगी, टोमॅटो, मिरची यांना दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर चार तासांवरही भागवून घेतात. शेजारचा आंबा किंवा फणस विसरू नका. भिंत तेवढीच राहते, झाड दरवर्षी वाढते.

कोणी म्हणेल, आमच्या आजीने कधी काही मोजले नाही, तरी तिच्या दोडक्याला फळ धरतेच. खरे आहे. पण तिने तेच अंगण चाळीस वर्षे पाहिलेले असते. नवशिक्याजवळ ती चाळीस वर्षे नसतात.

माझी वांगी आता घरापुढे, दक्षिणेला आहेत. मागच्या वाफ्यात न्हाणीच्या पाण्यावर अळू लावले आहे. त्याला सावली चालते. वड्यांसाठी पाने न्यायला शेजारच्या आजी तेथेच येतात.