घर राखून पाहावे

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. घर बांधणे किती कठीण, हे ती सांगते. परंतु बांधलेले घर राखणे त्याहून कठीण असते. आणि राखणाऱ्याचे हातपाय थकले व मिळकत आटली म्हणजे ते अशक्यप्राय होते, ह्याविषयी ती म्हण मूक आहे. ह्या उपेक्षित विषयाकडे आमच्या विद्यार्थ्यांचे व त्यांच्या पालकांचे लक्ष वेधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

सोलापुरास १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे कित्येक दशके हे शहर गिरणीच्या भोंग्याबरोबर उठले. तेलंगणातून आलेले विणकर, खेड्यापाड्यांतून आलेले मजूर, घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया ह्यांनी पोटास चिमटा घेऊन लहान लहान घरे उभारली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या, कमावते हात म्हातारे झाले, कित्येकांची मुले पोटासाठी पुण्या-मुंबईस गेली. घर मात्र राहिले, आणि त्यात एखादे वृद्ध जोडपे अथवा एकटी विधवा राहिली. कागदोपत्री हे लोक घरमालक खरे. परंतु मृग नक्षत्र जवळ आले की पत्र्यास पडलेली भोके, भिंतीस आलेली ओल आणि वाशांस लागलेली वाळवी पाहून ह्या मालकांस झोप येत नाही.

नव्या घरांसाठी आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मुळीच नाही. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्थेच्या द्वारे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. ती २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग ह्यांच्या हस्ते त्यांस मिळाली. त्याच परिसरातील रे नगरच्या नियोजित तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी ह्यांनी कामगारांच्या स्वाधीन केली. हे सोलापुरास भूषणावह होय. परंतु ज्याचे देशात कोठेही पक्के घर आहे, त्यास प्रधानमंत्री आवास योजनेत घर मिळत नाही. नियम न्याय्यच आहे. मग जिच्या भिंती पक्क्या पण छप्पर गळके, त्या म्हातारीने कोणाच्या दारी जावे? जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून एक मंडळ नेमले गेले, परंतु ते मुंबई शहरापुरते. नव्या घराच्या कोनशिलेस पुढारी येतात. बदललेल्या पत्र्यास कोणी हार घालीत नाही.

दुरुस्ती ही क्षुल्लक बाब आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. आपल्या शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे घेतली. तेथील घरे मातीत रचलेल्या दगडी भिंतींची व माळवदाची होती. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले आणि तो भार भिंतींसकट निजलेल्या माणसांवर कोसळला. ज्ञानावाचून केलेली दुरुस्तीही घात करते, हा त्यातील धडा. म्हणून पुढे शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने नव्या घरांबरोबरच मोडक्या घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीचे कामही मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे आरपार दगड बसविणे, असे साधे उपाय त्यात होते. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच हाती देण्यात आले, आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या साह्याने महिला मंडळांतील स्त्रियांनी गावोगावी ही माहिती पोहोचविली.

शेजाऱ्यांनी हे काम आपण होऊन केल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात मिडलंड गावी १९७३ साली काही लोकांनी एप्रिलमधील एक दिवस ठरवून गरीब व वृद्ध शेजाऱ्यांची घरे विनामूल्य दुरुस्त केली. ‘एप्रिलमधील नाताळ’ ह्या नावाने ती प्रथा पुढे त्या देशभर पसरली.

कोणी म्हणेल, आईबापांचे घर पाहणे हे मुलांचे कर्तव्य. निःसंशय आहे, २००७ च्या कायद्यानेही वृद्धांच्या निर्वाहात निवाऱ्याचा समावेश केला आहे. परंतु ज्याचे मूल स्वतःच रोजंदारीवर आहे, अथवा ज्यास मूलच नाही, त्याचे छप्पर खटल्याने शाकारले जात नाही. दुसरा आक्षेप असा की, फुकटच्या मदतीने मनुष्य मिंधा होतो. तो टाळणे आपल्या हाती आहे. काय दुरुस्त करावे हे घराच्या धन्यानेच सांगावे. त्याच्याकडे असेल ते सामान त्याने द्यावे, नसेल तर कामकऱ्यांस पाण्याचा तांब्या द्यावा. आपण त्याच्या घरी उपकारकर्ते म्हणून नव्हे, शेजारी म्हणून जावे.

आमची सूचना अगदी साधी आहे. आमच्या पालकांत गवंडी आहेत, सुतार आहेत, वायरमन आहेत. परीक्षा आटोपल्यावर, पावसाळ्यापूर्वी, त्यांनी एक रविवार द्यावा व शाळेजवळची दोन-तीन घरे निवडावी. छपरावर चढणे व विजेचे काम जाणत्यांनीच करावे. विद्यार्थ्यांनी वाळू वाहावी, चुना लावावा, पन्हाळी साफ करावी, न्हाणीत आधारासाठी बसवावयाचा दांडा धरून उभे राहावे. ज्यांच्या सेवेची साक्ष पंढरपूरची धर्मशाळा देते, ते गाडगे महाराज आधी हाती झाडू घेत व मग कीर्तनास उभे राहत. हा क्रम आपण विसरू नये.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या शाळेत प्रत्येक मूल ऐकते. पाऊस पडला, पूर आला, तरी ते घर टिकले. परंतु तो मनुष्यही एक दिवस म्हातारा झाला असेल, आणि पाऊस तर दरवर्षी येतच राहिला असेल. त्या वेळी त्याच्या शेजारची मुले काय करीत होती, ह्याचे उत्तर येत्या मृगापूर्वी आपण आपल्या कृतीने द्यावे.