कतरणीचे मोल आणि आमची वही

कापडाच्या दुकानात सर्वात कमी किमतीची वस्तू कोणती, असे विचारले तर कोणताही व्यापारी कतरण हेच उत्तर देईल. ताग्याच्या शेवटी उरलेला वीतभर तुकडा, नमुन्यासाठी कापलेली पट्टी, शिंप्याच्या मशीनखाली पडलेले गळ्याचे आणि बगलेचे काप, असे सर्व पोत्यात भरून किलोवर विकले जाते. गादी-उशीवाले नेतात, गॅरेजवाले हात पुसायला नेतात. पूर्णा येथील आमच्या दुकानातही वर्षानुवर्षे हेच चालत आले. पोते उचलून नेणारा आमच्यावर उपकारच करतो, अशी आमची समजूत होती.

दर शुक्रवारी एक वृद्ध विधवा बाई कतरण घ्यायला येत. आम्ही त्यांना खाला म्हणत असू. त्यांचे मरहूम पती रेल्वेत खलाशी होते. खाला पोत्यात हात घालून तुकडे निवडत. सुती ते बाजूला ठेवत आणि टेरिकॉट परत टाकत. दहा-वीस रुपये ठेवून निघून जात. या तुकड्यांचे पुढे काय होते, हे विचारण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही.

२००९ च्या हिवाळ्यात त्या एक वाकळ घेऊन आल्या. दुकानात ठेवा, कुणी घेतली तर बरे, असे म्हणाल्या. आम्ही मनात म्हटले, पानिपतची ब्लँकेटे समोर टांगलेली असताना वाकळ कोण घेणार? तरी वयाचा मान राखून ठेवून घेतली आणि धुळीपासून बचाव व्हावा म्हणून कापडाच्या गाठींवर पसरली. दोन महिने ती तशीच पडून होती.

मार्चअखेर माल मोजताना गाठीवरून वाकळ काढली आणि घडी घालायला पसरली, तेव्हा प्रथम तिच्याकडे नीट पाहिले. वाचकहो, त्या वाकळीत आमचे दुकान होते. मालेगावची चौकडीची लुंगी, इचलकरंजीचे पॉपलिन, शाळेच्या गणवेशाचे निळे आणि खाकी, एका ईदला भरमसाट मागवून अंगावर पडलेले ते पोपटी छापील कापड. सात-आठ वर्षांचा माल आम्ही एकेक करून ओळखला. मधे लाल आणि हिरव्या रंगाचे काही चौकोन होते, ते मात्र आमच्या दुकानचे नव्हते. मग उमगले की ते रेल्वेच्या झेंडीचे जुने कापड आहे.

पूर्णा हे निझामाच्या काळापासून रेल्वेचे गाव. मनमाड-सिकंदराबाद मार्ग आणि अकोल्याकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. अकोल्याकडची मीटरगेज लाईन २००८ साली रुंद झाली. त्या धकाधकीत ज्यांचे संसार येथे उभे राहिले, त्यांपैकीच एका घरातील झेंडी त्या वाकळीत चारी बाजूंना विखरून शिवली होती. लाल तुकड्यासमोर हिरवा, हिरव्यासमोर लाल. हे आपोआप झालेले नव्हते. पायाकडच्या बाजूला गडद खाकी पट्टा होता, म्हणजे डोक्याची आणि पायाची बाजू रात्रीच्या अंधारातही चुकू नये. सर्व थरांतून गेलेला धावदोरा कडेने आत, आत आणखी आत असा फिरत मध्यावर येऊन थांबला होता. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही पस्तीस वर्षे कापड मोजतो, पण इतका एकसारखा टाका मशीनखेरीज पाहिला नव्हता.

आता येथे कुणी म्हणेल, ही तर गरिबीची वस्तू आहे, तिला कला म्हणून का सजवता? म्हणणे अगदीच चूक नाही. परभणीची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना ठाऊक आहे की वाकळ हौसेने शिवत नाहीत. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर तुकडे मांडायचे आणि त्यावरच बसून शिवत सुटायचे, हे काम कमरेचे आणि डोळ्यांचे आहे. भिजलेली वाकळ उचलायला दोन माणसे लागतात आणि ती धुवायला नदीवर जावे लागते. आमच्या घरच्या सुनांना मिंक ब्लँकेट आवडते, त्यात त्यांचा दोष नाही. पण गरज होती म्हणून वस्तू केली आणि ती करताना रंग कुठे बसवायचा याचा विचारही केला, या दोन गोष्टी एकाच हातून होऊ शकतात. बिदरचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या भांड्याला काळा रंग चढवतात तो बिदरच्या किल्ल्यातील मातीने. माती स्वस्त आहे म्हणून बिदरीला कुणी स्वस्त म्हणत नाही. मग चिंधीलाच हा नियम का?

आमच्या मते याचे एक कारण असे की चिंधी बाईच्या हातात असते आणि घरातच राहते. जी वस्तू बाजारात आली नाही तिचा भाव ठरत नाही, आणि ज्याचा भाव ठरला नाही ते व्यापाऱ्याला दिसत नाही. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. 'गुदडी का लाल' हा वाक्प्रचार मास्तरांनी आमच्याकडून घोटून घेतला होता. आम्ही त्यातला लाल लक्षात ठेवला आणि गुदडी विसरलो.

आपल्या दीनमध्ये ठिगळाला कमीपणा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत, पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, हे माता आयशा (रजि.) यांच्याकडून आलेले कथन सर्वांना माहीत आहे. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना त्यांच्या अंगावरच्या वस्त्राला ठिगळे होती. लाहोरचे हजरत अली हुजवेरी (रह.) यांनी अकराव्या शतकातील आपल्या 'कश्फुल महजूब' या ग्रंथात ठिगळांच्या वस्त्रासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि दिखाव्यासाठी ठिगळ लावणाऱ्यांना फटकारलेही आहे. आज मोठ्या शहरांत नवे कोरे कापड विकत घेऊन, कापून, पुन्हा जोडून 'पॅचवर्क' म्हणून विकतात, ते पाहिले की आम्हाला हे प्रकरण आठवते.

आमच्यासारखे डोळे उशिरा उघडणारे इतरत्रही आहेत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. ती कडेपासून मध्याकडे शिवतात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची छोटी फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी उघडी मानतात. मुसलमान बाई कधी चंद्रकोर शिवते, ख्रिस्ती बाई क्रूस. हेन्री ड्रुवल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर लिहिले, प्रदर्शने भरली, तेव्हा देशातील लोकांचे लक्ष गेले. खालांनी उत्तर कन्नड कधी पाहिले नव्हते, पण त्यांचाही दोरा कडेकडून मध्यालाच जात होता.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे नदीच्या वळणावरचे खेडे आहे. एकेकाळी गुलाम असलेल्या काळ्या शेतमजुरांचे हे वंशज. तेथील बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली त्या भागात बायकांची सहकारी संस्था निघाली. १९७२ साली सिअर्स या मोठ्या कंपनीने त्या संस्थेला कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. अभ्रे कंपनीला गेले आणि कापून उरलेली कॉर्डरॉयची कतरण बायकांनी घरी नेली. त्या कतरणीच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकन सरकारच्या पोस्टाच्या तिकिटांवर छापली गेली.

येथपर्यंतची कहाणी सर्व सांगतात. व्यापार पानाच्या वाचकांनी पुढचीही ऐकावी. २००७ साली त्यांपैकी काही बायका कोर्टात गेल्या. गोधड्यांच्या व्यवहारात आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००८ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण एवढे दिसते की कला सापडली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, सापडलेले धन कुणाचे?

हा प्रश्न आम्हाला का बोचतो ते सांगणे भाग आहे. त्या मार्चमध्ये आम्ही खालांना वाकळीचे तीनशे रुपये दिले. त्या खूश झाल्या. पुढच्या महिन्यात बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने ती अकराशेला नेली. वहीत व्यवहार चोख होता. खरेदी तीनशे, विक्री अकराशे, नफा आठशे. व्यापारात नफा हलाल आहे आणि आम्ही कुणाला फसवले नव्हते. पण एका रात्री सहज हिशेब केला. रोज चार तासांप्रमाणे वीस दिवस, म्हणजे ऐंशी तास. तीनशेला ऐंशीने भागले तर तासाला पावणेचार रुपये. याहून जास्त मजुरी स्टेशनवर गाठ उतरवणाऱ्या हमालाला आम्ही स्वतः देत होतो.

नंतरच्या शुक्रवारी खाला आल्या. किती पैसे आले, हे त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, "बेटा, किसके घर कू गई?" कुणाच्या घरी गेली? आम्हाला सांगता आले नाही. गिऱ्हाइकाचे नाव वहीत नव्हते, आणि ज्यांनी शिवली त्यांचेही नव्हते. खतावणीत फक्त 'गोधडी नग १' असे लिहिलेले होते.

म्हणून आम्ही व्यापारी बंधूंना काही सुचवू इच्छितो. सुती कतरण आणि टेरिकॉटची कतरण वेगळ्या पोत्यांत ठेवा. त्याला खर्च काही नाही आणि शिवणाऱ्या बाईचा अर्धा दिवस वाचतो. वाकळ विकायला घेतली तर तिच्यावर बाईचे नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी टाका. भाव नगावर न ठरवता दिवसांवर ठरवा. आणि कृपा करून एकाच नमुन्याच्या बारा मागू नका. मध्यंतरी एका प्रशिक्षण शिबिराला आम्ही हजर होतो. तेथे चाळीस बायकांना एकच छापील आराखडा वाटला गेला आणि चाळीस सारख्या गोधड्या तयार झाल्या. त्यांत टाका होता, पण कुणाच्या घरची झेंडी नव्हती, कुणाच्या ईदचे पोपटी कापडही नव्हते. असला माल मशीन अधिक स्वस्त देते.

सरकारकडून अपेक्षा ठेवायची तर तेथेही तपासून घ्या. २०२३ साली केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना काढली. तिच्या यादीतील १८ व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या आणि झाडू करणारे आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. गोधडी शिवणारी बाई स्वतःच्या नावाने त्यात नाही. शिंपी म्हणून बसली तर बसली. बचत गटांच्या प्रदर्शनांत मात्र जागा मिळते, ती सोडू नये.

खालांचा इंतकाल होऊन काही वर्षे झाली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांची नात आता कतरण घ्यायला येते. बारावी शिकलेली आहे. मागील महिन्यात आम्ही तिला एक वाकळ सांगितली. तिने आधी पोते तपासले, मग विचारले, भाव काय देणार? आम्ही म्हटले, तूच सांग. तिने आमच्याच गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर घेतला. अर्ध्या रोजाने बावीस दिवस, अडीचशेप्रमाणे साडेपाच हजार. अस्तर आणि दोरा वेगळा, म्हणजे सहा हजार धरा, म्हणाली. समोर टांगलेल्या मिंक ब्लँकेटवर आठशेची चिठ्ठी होती. आकडा आम्हाला जड वाटला. तिच्या हिशेबात चूक शोधली, पण सापडली नाही. विचार करून सांगतो म्हटले आहे, आणि ती शुक्रवारी येणार आहे.