सात माणसं कुठून आणायची?

माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



इचलकरंजीत मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब आणि कर बघतो. माझ्याकडे येणारा नेहमीचा माणूस म्हणजे आठ-दहा मागांचा खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याला फक्त मजुरी, तीही पिकावर (शेतातलं नव्हे, मागावरचं, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर). हाताखाली तीन-चार कामगार. विवरणपत्रावर सही करून झाली की तो हमखास विचारतो, "साहेब, मेडिक्लेमचं काय करू?"

त्याला काय सांगायचं? ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, दहा कामगारांपासून सक्तीची. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने दहाच्या आतल्यांनाही स्वखुशीने येण्याची मुभा दिली आहे, पण ती कामगारांसाठी. कामगार आला नाही की रात्रपाळी स्वतः ओढणारा हा माणूस कागदावर मालक असतो, म्हणून बाहेर. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला तिचा आधार खराच, पण ठरावीक रुग्णालयं आणि ठरावीक उपचार एवढ्यापुरताच. गटविमा घ्यावा, तर कंपन्या किमान सात माणसं मागतात. सात माणसं कुठून आणायची?

उरते वैयक्तिक पॉलिसी. पुण्यातल्या कंपनीत लागलेल्या त्याच्या भाच्याला कंपनीच्या गटविम्यातून बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून जुन्या दुखण्यांसकट संरक्षण मिळतं. मामाच्या मधुमेहाला मात्र तीन वर्षांपर्यंत थांबा. ही मुदत आपण 2024 मध्ये चारवरून तीन वर्षांवर आणलीत, याची जाण आहे. पण दोघांचं रक्त सारखंच गोड असताना एकाला गटाचा नियम लागतो आणि दुसऱ्याला एकट्याचा, हा फरक आजाराचा नाही, नोकरीचा आहे.

'आरोग्य संजीवनी' ही आपली 2020 ची प्रमाणित पॉलिसी मी अनेकांना सुचवतो, कारण सगळीकडे अटी एकच आणि भाषा समजण्यासारखी. तिच्यातली खोलीभाड्याची अट मात्र परवडेल तेवढीच पॉलिसी घेणाऱ्याच्या मुळावर येते. दोन लाखांची घेतली तर दोन टक्क्यांनी दिवसाला 4,000 रुपये. खोली 6,000 ची मिळाली, तर वरचे दोन हजार गेलेच, शिवाय सर्जनच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री, म्हणजे दोनतृतीयांशच मंजूर. वर पाच टक्के स्वतःचे. हे त्याला कळतं डिस्चार्जच्या काउंटरवर.

आपल्या नियमांत एक वाट आहे. केवळ विम्यासाठी जमवलेली नसेल, तर व्यापाऱ्यांची किंवा यंत्रमागधारकांची संघटना गटविमा घेऊ शकते. मग घेत का नाहीत? कारण दर वर्षी भाव नव्याने ठरतो. एका वर्षी दोन-तीन बायपास निघाल्या की पुढच्या वर्षी हप्ता चढतो, चढला की तरुण सभासद गळतात, ते गळले की आणखी चढतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, गटाचा तसाच राहिला. एकत्र येणाऱ्यालाच कर! तो जीएसटी परिषदेचा विषय, मान्य. पण विम्याच्या बाबतीत तिथे आपल्या शब्दाला वजन आहे.

म्हणून मागणी अशी. नोंदणीकृत संघटनांच्या गटविम्याचा दर किमान तीन वर्षांसाठी बांधून द्या. एकेका गावाची संघटना लहान पडते, तेव्हा इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या गावांना एका गटात येऊ द्या, म्हणजे दोन बायपासनी हिशेब कोलमडणार नाही. जुन्या आजारांची अट तिथे कंपनीच्या गटासारखीच ठेवा. आणि जानेवारी 2025 मध्ये साठीपुढच्यांसाठी घातलेलं बंधन, म्हणजे हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आपल्याशी सल्लामसलत, ते पंचेचाळिशीपासून लावा. माझ्याकडचे बरेचजण पॉलिसी सोडतात ते पन्नाशीत, साठीला पोचण्याआधीच. एकदा सुटली की नवी घेताना वैद्यकीय तपासणी आणि थांब्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

कळावे,
आपला,
एक कर सल्लागार, इचलकरंजी