पडीक नव्हे, माळरान
पर्यावरण-संस्थेचे विश्वस्तपद मानद असले, तरी शोभेचे नाही. बारामती-इंदापूर परिसरात तर विश्वस्ताची पहिली कसोटी भाषेचीच आहे. महसुली दप्तराने ज्याला 'पडीक' म्हटले, ते सुपे, कडबनवाडीचे माळरान चिंकारा आणि लांडग्यांचे घर आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, ते चिंकारांसाठीच. तरीही 'पडीक' हा शब्द ठरावात शिरला, की वृक्षारोपण हे पुण्यकर्म ठरते. माळावर खड्डे खणले जातात आणि गवतावर जगणारे प्राणी निराधार होतात. देणगीदाराला रोपांचा आकडा हवा असतो. राखलेल्या गवताचा फलक लागत नाही. अशा वेळी सहीपूर्वी 'इथे आधी काय होते?' असे विचारणारा, प्रसंगी विरोध नोंदवणारा विश्वस्त हवा. शब्दांचे वजन जाणणाऱ्या साहित्याच्या अध्यापकांनी ही जबाबदारी टाळू नये.