पंधरा मिनिटांचे अंतर

काठमांडूचे घड्याळ दिल्लीच्या पंधरा मिनिटे पुढे चालते. सरकारी कालगणना विक्रम संवताची. पशुपतिनाथाचे आणि रोटी-बेटी व्यवहाराचे दाखले देणाऱ्या भारतीय मुत्सद्द्यांनी या वेगळेपणाचा अर्थ क्वचितच लावला. नेपाळ ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हता. १८१६ च्या सुगौली तहात गमावलेला मुलूख मात्र तो विसरलेला नाही. म्हणूनच २०१५ मध्ये, भूकंपातून सावरण्यापूर्वीच, सीमेवर मालमोटारी अडल्या आणि इंधन आटले, तेव्हा काठमांडूने बोल दिल्लीला लावला. मधेशी आंदोलनामुळे वाहतूक थांबली, हा दिल्लीचा खुलासा तेथे फारसा कोणाला पटला नाही. (मधेशींची गाऱ्हाणी खरी होती, हा भाग निराळा.) २०२० मध्ये लिपुलेख नेपाळच्या नकाशात दाखविणारी घटनादुरुस्ती संसदेत आली. विरोधात एकही मत पडले नाही.