पुरावा कोणाचा तपासायचा?

इंग्लंडमधील शालेय शिक्षणाविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. भक्त म्हणतात, विचार करायला शिकवावे ते तिकडेच. वैरी म्हणतात, ज्यांनी आपल्यावर राज्य केले ते इतिहास काय शिकवणार! तेथील शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतला इतिहास जरा बारकाईने पाहिला, तर दोघेही अर्धेच खरे बोलत आहेत असे दिसते.

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या या टप्प्याला तिकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात. त्याच्या अखेरीस ए-लेव्हलची परीक्षा असते. ती १९५१ साली सुरू झाली. मुले बहुधा तीनच विषय घेतात, त्यामुळे ज्याने इतिहास घेतला त्याला तो मुरवायला सवड मिळते. परीक्षेत त्याच्यासमोर त्या काळचे एखादे पत्र, भाषण वा अहवाल ठेवतात आणि विचारतात : हे कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिले? म्हणून ते कितपत विश्वासार्ह? इतिहासकारांची परस्परविरोधी मते ठेवून विचारतात : कोणाचे अधिक पटते, आणि का? शिवाय स्वतः शोध घेऊन तीन-चार हजार शब्दांचा एक निबंध लिहावा लागतो. २० टक्के गुण त्याचे. सतरा वर्षांच्या मुलाकडून एवढी अपेक्षा बाळगणारी पद्धत मला आदरणीय वाटते. सनावळ्या घोकून पहिला येणारा आपला विद्यार्थी तिच्यापुढे गडबडून जाईल.

परंतु हत्यार उत्तम असणे वेगळे आणि ते कोणावर चालवायचे हे ठरवणे वेगळे. नियम एवढाच, की अभ्यासाचा पल्ला किमान दोनशे वर्षांचा असावा, एकाहून अधिक देश त्यात यावेत आणि निदान पाचवा हिस्सा ब्रिटनचा असावा. बाकी निवड शाळेची. एका परीक्षामंडळाच्या यादीत १८५७ पासून १९६७ पर्यंतचे ब्रिटिश साम्राज्य आहे. दुसऱ्याच्या यादीत १९१४ ते १९४८ चा हिंदुस्थान आहे. पण यादीत असणे म्हणजे वर्गात असणे नव्हे. ट्यूडर राजे, स्टालिनचा रशिया आणि हिटलरची जर्मनी एवढ्या सामग्रीवर मुलगा वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होऊ शकतो. आपल्या देशाने बेटाबाहेर दोन शतके काय केले, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही तरी चालते.

यात कोणाचा कट नाही. शिक्षक जे स्वतः शिकला तेच शिकवतो; कपाटात त्याचीच पुस्तके असतात; निकाल घसरण्याची धास्ती असतेच. पण जे बंदी घालून साधले नसते, ते या सोयीने बिनबोभाट साधते.

साम्राज्य शिकवले तर मुलांना स्वतःच्या देशाची लाज वाटू लागेल, असे तिकडचे काही लोक म्हणतात. मग जर्मनांच्या पापांची चिकित्सा इतक्या उत्साहाने कशी चालते? दुसऱ्याच्या घरातली घाण पाहताना नि:पक्षपाती राहणे फारसे अवघड नसते. केनियातील वृद्धांनी ब्रिटिश सरकारवर दावा लावला तेव्हा, २०११ साली, जुन्या वसाहतींतून आणलेल्या हजारो फायली दडवून ठेवल्याचे सरकारला कबूल करावे लागले. कित्येक कागद तर त्यापूर्वीच जाळले होते. २०१३ साली ५,२२८ जणांना भरपाई देण्याचे ठरले. कागद कोण जपतो, कोण लपवतो, कोण जाळतो, हे शिकवायला याहून चांगला धडा कोणता?

आता आपल्याविषयी. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी आईबापांनी शाळेकडे साम्राज्याच्या अभ्यासाचा आग्रह अवश्य धरावा. मात्र तो आरोपपत्र वाचून घेण्यासाठी नव्हे. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाची टीका १८६८ साली छापून आली. पुढे राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. ही माणसे संतापली नसतील असे नाही. पण उत्तर त्यांनी कागदांनी दिले. परीक्षक आज सिक्स्थ फॉर्मच्या मुलाकडे मागतो ते हेच.

पण हा न्याय दुधारी आहे. सभासदाने आपली बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. मग ती कोणासाठी लिहिली, कोणत्या हेतूने, कितपत विश्वासार्ह, हे तिलाही विचारावे लागेल. हा प्रश्न ज्यांना अपमान वाटतो, त्यांनी ग्रँट डफलाही तो विचारू नये. शिवरायांचे मोठेपण एवढे तकलादू नाही, की एका प्रश्नाने ते ढळावे.

म्हणून माझे मागणे सोपे आहे. इतिहास घेणाऱ्या प्रत्येक मुलाने, तो इंग्रजांचा असो की आपला, निदान एक प्रश्नपत्रिका अशी सोडवावी की जिच्यात त्याचेच पूर्वज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहेत आणि उलटतपासणी त्याला करायची आहे. ती त्याने प्रामाणिकपणे केली, तर तो इतिहास शिकला. नाही तर त्याने फक्त परक्यांच्या कहाण्या पाठ केल्या.