कानांवरचें गाणें

मेहरूणहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. घर नऊ माणसांचें. पुतण्या दहावीस बसलेला, सासूबाईंची झोप हलकी. लग्नापूर्वीं त्या गाणें शिकत असत. आतां निदान ऐकावें तरी, म्हणून पहाटे साडेचारास उठतात. परंतु मोठ्यानें लावण्याची सोय नाहीं, आणि मोबाईलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून तंबोऱ्याचा खरज उमटतच नाहीं. दोन माफक किंमतीच्या हेडफोनांचीं नांवें देऊन त्यांनीं आमचें मत विचारलें आहे. पत्राच्या कडेस, बहुधा मागाहून, एक ओळ लिहिली आहे : सासूबाईंची हाक मात्र ऐकूं आली पाहिजे. आमच्या मतें सारा प्रश्न त्याच ओळींत आहे.

पहिला हेडफोन अमेरिकेंतील कॉस कंपनीचा ‘पोर्टा प्रो’. याच कंपनीच्या जॉन कॉस यांनीं १९५८ सालीं स्टिरिओ हेडफोन प्रथम लोकांपुढें आणला. पोर्टा प्रो १९८४ पासून बहुतेक त्याच रूपांत चालत आला आहे. दुसरा जपानच्या ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटीएच-एम२०एक्स’, २०१४ सालचा. दोन्ही तारेचे आहेत. ज्या मोबाईलला तारेचें भोंक नाहीं त्यास एक लहानसा जोडतुकडा वेगळा घ्यावा लागतो.

पोर्टा प्रो हा उघड्या पाठीचा. स्पंजाची चकती कानावर टेकते आणि मागची बाजू सच्छिद्र असल्यामुळें बाहेरचें आंत व आंतलें बाहेर जातें. एम२०एक्स बंद पाठीचा. त्याच्या वाट्या कानाभोवतीं बसतात. आम्हीं दोन्ही पंधरा दिवस वापरून पाहिले. पोर्टा प्रो घालून मेहरूणच्या तलावाकांठीं फिरलों, तेव्हां पक्षी ऐकूं येत होते, मागून येणाऱ्या सायकलची घंटाही. एम२०एक्स घालून फिरण्याचें धाडस कोणीं करूं नये.

गाण्याच्या दृष्टीनें पाहतां एम२०एक्स आम्हांस सरस वाटला. पोर्टा प्रोमध्यें डग्गा अंमळ फुगतो. तबल्याची साथ रंगतदार लागते खरी, पण मंद्रांतले स्वर तिच्याखालीं दबतात. एम२०एक्समध्यें डग्गा आपल्या जागीं राहतो आणि तंबोऱ्याची जवारी स्वच्छ कळते. मात्र चष्म्याच्या काडीमुळें वाटीस फट पडली कीं खरज लगेच पातळ होतो. खानदेशच्या उन्हाळ्यांत वाटीखालीं घाम येतो तो निराळाच. उलट पोर्टा प्रो वजनानें अगदीं हलका. पण त्याची चकती कानांतल्या कुडीवर दाबते आणि सरकत्या धातूच्या पट्टींत मोकळे केस अडकण्याचा संभव असतो. हीं गोष्ट पुरुष परीक्षकांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. आमच्याही आली नव्हती, घरांतल्या मंडळींनीं दाखवून दिली.

आतां हाकेचा प्रश्न. उघडा घेतला तर हाक ऐकूं येते, पण पहाटेच्या शांततेंत त्याच खोलींत निजलेल्या माणसास गाण्याची कुजबुज लागते. बंद घेतला तर झोपमोड टळते, पण हाक बुडते. आम्हीं बराच विचार केला, आणि वाट सांपडली ती जुन्या ध्वनिमुद्रिकांमुळें. या भगिनींचा ओढा नाट्यसंगीताकडे, त्यांतही बालगंधर्वांकडे आहे. जळगांवच्या खुल्या नाट्यगृहास ज्यांचें नांव आहे त्या बालगंधर्वांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकस्रोती आहेत, म्हणजे दोन्ही कानांस एकच ध्वनि मिळतो. डावें-उजवें निराळें देणाऱ्या तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारांत आल्या. तेव्हां एम२०एक्सची एक वाटी कानामागें सरकवून ठेवली, तरी त्या गायनांतलें कांहींच हरवत नाहीं. दुसरा कान घरासाठीं मोकळा राहतो. सरकवलेली वाटी डोक्याशीं टेकलेली असावी, नाहींतर तिच्यांतून आवाज बाहेर जाईल.

एका कानानें ऐकतांना आवाज चढविण्याचा मोह होतो, तो आवरावा. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० डेसिबलची मर्यादा आठवड्यास ४० तासांपर्यंत घालून दिली आहे, आणि दर तीन डेसिबलांस ती मुदत निम्मी होते. पहाटेस इतक्या आवाजाची गरजही पडत नाहीं. कान आलटूनपालटून वापरावे.

म्हणून या भगिनींनीं एम२०एक्स घ्यावा. त्याची तार तीन मीटर लांब आहे व काढतां येत नाहीं. ती पायांत येणार नाहीं अशी गुंडाळून ठेवावी. आणि आणल्या दिवशीं, स्वतः ऐकण्याआधीं, तो सासूबाईंच्या कानांवर ठेवून एखादें नाट्यपद लावून पाहावें. त्या काय म्हणाल्या तें आम्हांस अवश्य कळवावें.